‘प्रेझेंटली’ म्हणजे नेमके केव्हा?

इंग्रजीत एक शब्द असा आहे, की तो पुण्यात ‘आत्ता’ असतो आणि लंडनला पोचेपर्यंत ‘थोड्या वेळाने’ होऊन बसतो. तो शब्द म्हणजे ‘प्रेझेंटली’. आपल्याकडे नोकरीच्या अर्जात मुलेमुली हमखास लिहितात, ‘आय अॅम प्रेझेंटली वर्किंग इन बारामती’. म्हणजे सध्या मी बारामतीत नोकरीला आहे. ‘प्रेझेंट’ म्हणजे वर्तमान, हजर. तेव्हा ‘प्रेझेंटली’ म्हणजे सध्या, हा हिशेब सरळ आहे. शाळेत हजेरी देताना ‘प्रेझेंट सर’ म्हणणाऱ्याला तो वेगळा शिकवावा लागत नाही.

पण जुन्या वळणाच्या इंग्रज माणसाला विचारा. त्याच्या घरी तुम्ही गेलात आणि त्याची बायको म्हणाली, ‘ही विल बी हिअर प्रेझेंटली’, तर तो ‘सध्या इथे आहे’ असा त्याचा अर्थ नव्हे. तो इथे नाही, पण येईल थोड्या वेळाने. तुम्ही बसा, चहा घ्या, वर्तमानपत्र वाचा. आणि इंग्रजी कादंबरीत एखादे वाक्य ‘प्रेझेंटली’ने सुरू झाले, की समजावे, मध्ये काही काळ गेला आणि मग दार वाजले. एकाच शब्दाचा एक अर्थ ‘आत्ता’ आणि दुसरा ‘आत्ता नाही’! व्यवहाराच्या दृष्टीने याच्याइतका धोक्याचा शब्द दुसरा नसेल.

मराठी माणसाला मात्र याचे फार नवल वाटायला नको. आपला ‘परवा’ काय कमी आहे? ‘परवा’ म्हणजे कालच्या आधीचा दिवस, आणि ‘परवा’ म्हणजेच उद्याच्या नंतरचा दिवस. तरी आपला घोटाळा होत नाही, कारण आपण क्रियापदाकडे बघतो. ‘परवा आला’ म्हटले की मागचा, ‘परवा येईल’ म्हटले की पुढचा. ‘प्रेझेंटली’चेही तसेच आहे. वाक्यात ‘आहे’ असेल तर अर्थ ‘सध्या’. ‘येईल’, ‘होईल’, ‘करू’ असेल तर अर्थ ‘लवकरच, थोड्या वेळाने’. आणि ‘आला’, ‘झाला’ असे भूतकाळातले कथन असेल तर अर्थ ‘मग थोड्या वेळाने’. दहावीच्या मुलाने एवढे तीन नियम लक्षात ठेवले तरी बहुतेक ठिकाणी त्याचे अडणार नाही. ‘बहुतेक’ असे मुद्दाम म्हणतो. या नियमांत एक भोक आहे, आणि त्या भोकातून एकदा सहाशे रुपये गळून गेलेले मी पाहिले आहेत. ती हकीगत पुढे येईलच. आधी या शब्दाला दोन तोंडे फुटली कशी, ते पाहू.

हा शब्द इंग्रजीत पाचएकशे वर्षांहून जुना आहे. सुरुवातीला त्याचा एक अर्थ ‘या घडीला’ असा होता, आणि दुसरा होता ‘ताबडतोब, या क्षणी’. शेक्सपिअरच्या नाटकांत एखादा सरदार नोकराला ‘प्रेझेंटली’ जायला सांगतो तेव्हा त्याला ‘सावकाश जा’ असे म्हणायचे नसते. नोकराने त्याच पावली निघायचे असते. पण नोकर कधी त्याच पावली निघतो का? तो ‘हो, निघालोच’ म्हणतो, चपला शोधतो, दाराशी कोणाशी दोन शब्द बोलतो. अशा हजारो नोकरांनी, मुलांनी, दुकानदारांनी आणि देणेकऱ्यांनी तो शब्द वापरता वापरता ‘ताबडतोब’चा ‘थोड्या वेळाने’ करून टाकला. पुढे इंग्लंडात हाच अर्थ चलनी झाला आणि ‘या घडीला’ हा जुना अर्थ मागे पडला. स्कॉटलंडने तो टिकवून धरला, अमेरिकेत तो सर्रास चालतो, आणि आपल्या कचेऱ्यांतल्या इंग्रजीत तर तोच राजमान्य आहे. तेव्हा आपल्या मुलांनी ‘सध्या’ या अर्थाने ‘प्रेझेंटली’ लिहिले तर ते अडाणीपणाचे आहे, असे कोणी नाक मुरडून सांगू लागला तर त्याचे ऐकू नये. तो अर्थ खोटा नाही. उलट तो जुना आहे.

बरे, ही घसरण एकट्या ‘प्रेझेंटली’ची नाही. ‘सून’ हा साधा शब्द घ्या. आज त्याचा अर्थ ‘लवकर’. पण हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तो ‘तत्क्षणी’ होता. ‘अॅनन’ हा आता फक्त जुन्या नाटकांत उरलेला शब्द मुळात ‘एका क्षणात’ असा होता, तोही पुढे ‘येतोच हं’ इतका सैल झाला. ‘बाय अँड बाय’ म्हणजे आज ‘कधीतरी, हळूहळू’. पण १६११ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी बायबलात हेरोद राजापुढे नाचलेली मुलगी योहानाचे शिर तबकात मागते, तेव्हा ती ते ‘बाय अँड बाय’ मागते. तिला ते कधीतरी नको होते. तिथल्या तिथे हवे होते. नव्या भाषांतरांना म्हणूनच तो शब्द बदलून ‘आत्ताच्या आत्ता’ अशा अर्थाचा घालावा लागला.

आता आपल्या घरात येऊ. ‘तूर्त’ हा शब्द बघा. संस्कृतातल्या त्वरेच्या कुळातला हा शब्द. हिंदीतला त्याचा भाऊ ‘तुरंत’ अजून धावतो आहे. ‘तुरंत आओ’ म्हणजे ताबडतोब ये. मराठीत आल्यावर तो बसला. ‘तूर्त एवढ्यावर भागवा’, ‘तूर्तास काही सांगता येत नाही’. त्वरेने निघालेला शब्द ‘सध्यापुरते थांबा’ असे म्हणू लागला! आणि ‘सध्या’ तरी कोण? संस्कृतातला ‘सद्यः’ म्हणजे त्याच दिवशी, तत्क्षणी. त्याचा आपण ‘सध्या’ केला, आणि आता ‘सध्या जरा अडचण आहे’ या वाक्यात तो सहा महिनेसुद्धा आरामात मावतो. ‘लगेच’ हा ‘लागणे’ या क्रियापदाच्या घरचा. एका कामाला लागून दुसरे, मध्ये फट नाही. पण ‘लगेच येतो’ म्हणून कोपऱ्यावर गेलेला माणूस मध्ये किती फट ठेवतो, हे घरोघरच्या गृहिणींना विचारावे. ‘आत्ता’चे तर इतके झाले आहे, की त्याला ‘आत्ताच्या आत्ता’ असा दुहेरी जोर दिल्याखेरीज घरातले कोणी उठत नाही. आणि रेल्वेने १९९७ साली ‘तत्काळ’ नावाची आरक्षणाची सोय सुरू केली. आज ते तिकीट प्रवासाच्या आदल्या दिवशी काढायचे असते. तत्काळ, म्हणजे उद्या.

गंमत बाजूला ठेवली तर यात एक गोष्ट दिसते. नाणे हातोहात फिरून झिजते, तसा कालवाचक शब्द वायद्या-वायद्याने झिजतो. आणि झिजतो तो नेहमी एकाच बाजूने. ‘थोड्या वेळाने’चा अर्थ वापरून वापरून ‘ताबडतोब’ झाला, असे उदाहरण शोधायला गेलो तर मला तरी सापडत नाही. ‘ताबडतोब’चा ‘थोड्या वेळाने’ मात्र भाषेभाषेत झालेला आहे. माणसाची चालढकल शब्दकोशात अशी नोंदली गेली आहे. आम्ही बँकवाले खातेवही बघून माणसाची पत सांगतो. शब्दकोश बघितला तर साऱ्या मनुष्यजातीची पत कळते.

आता ती सहाशे रुपयांची हकीगत. १९८० च्या दशकाच्या मध्यावर मी इंदापूरला बँकेच्या एका शाखेत होतो. इंदापूर हे पुणे जिल्ह्याचे पूर्वेकडचे टोक. उत्तरेला भीमा, दक्षिणेला नीरा, आणि नीरा नरसिंहपूरला दोघींचा संगम. मधून पुणे-सोलापूर रस्ता. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले होते आणि भीमेकाठच्या गावांचे पाण्याखाली जाणे ताजे होते. पळसदेवचे जुने देऊळ पाण्यात गेले होते. उन्हाळ्यात पाणी फार ओसरले की ते वर डोकावते. एकीकडे पाण्याने उठवलेली माणसे आणि दुसरीकडे पाण्याने उभा केलेला ऊस, असा तो तालुका. शाखेत येणाऱ्या निम्म्या लोकांच्या हातात कसला ना कसला कागद असे, आणि निम्म्या कागदांवर न समजणारी भाषा.

अशाच एका बाईंचा नवरा मुंबईहून मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत कामाला होता. तो आजारपणात वारला. त्याची काही रक्कम इंग्लंडमधल्या जहाज कंपनीकडून यायची होती. कंपनीचे पत्र आले. त्यात एकच कामाचे वाक्य होते : ‘वी आर रेमिटिंग द अमाउंट प्रेझेंटली’. गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी ते वाचून दाखवले, ‘रक्कम सध्या पाठवीत आहोत’. म्हणजे पैसे निघाले. बाईंनी त्या भरवशावर चार हजार रुपये उसने घेतले, महिना शेकडा तीन रुपये व्याजाने, आणि दुभती गाय दावणीला बांधली. दर बाजारच्या दिवशी त्या शाखेत येत आणि काउंटरच्या जाळीपाशी उभ्या राहत.

‘आलं का ओ सायेब?’

‘नाही मावशी, अजून नाही.’

‘आवं, पाठवतूय म्हणून ल्हिवलंय की त्येंनी!’

पैसे आले, पण पाच महिन्यांनी. महिना एकशेवीस प्रमाणे व्याजाचे सहाशे रुपये बाईंनी मोजले. त्या काळी आमच्याकडे शेतमजूर बाईला तेवढे मिळवायला कित्येक आठवडे राबावे लागे.

आता यात चुकले कोणाचे? इंग्लंडमधल्या कारकुनाने आपल्या बोलीप्रमाणे ‘लवकरच पाठवू’ असे लिहिले, ते बरोबरच होते. गुरुजींनी आपल्या देशातल्या चालीप्रमाणे ‘सध्या पाठवीत आहोत’ असे वाचले, तेही बरोबरच. क्रियापद बघावे, हा नियम मी वर दिला. पण क्रियापदच इथे फितूर होते. इंग्रजीत चालू वर्तमानकाळ भविष्यासाठीही वापरतात. आपणही वापरतोच, ‘परवा येतोय मी’ म्हणणारा माणूस अजून घरीच बसलेला असतो. नियमातले भोक ते हेच. दोघेही बरोबर, आणि मधल्या मध्ये तिसरीला सहाशे रुपयांचा भुर्दंड. त्या पत्रात त्या एका शब्दाऐवजी एक तारीख असती, तर बाईंनी गाय तरी उशिरा घेतली असती, नाहीतर व्याजाचा हिशेब करून घेतली असती.

इथे मला आपल्या जुन्या सराफ-सावकारांचे कौतुक वाटते. त्यांनी क्रियाविशेषणावर कधी विश्वास ठेवला नाही. हुंडीचे त्यांनी दोन प्रकार केले : दर्शनी आणि मुदती. दर्शनी म्हणजे कागद दिसला की पैसे. मुदती म्हणजे ठरलेले इतके दिवस झाले की पैसे. ‘लवकरच’ नावाची हुंडी बाजारात नव्हती. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाने हाच भेद कायद्यात ठेवला. मुदतीच्या कागदाला वर तीन दिवसांची सवलत दिली आणि मागताक्षणी द्यायच्या कागदाला तीही दिली नाही. आता मागताक्षणी द्यायच्या वचनचिठ्ठीचा कायदा बघा. सावकाराने दहा वर्षांनी मागणी केली तर मुदत तेव्हापासून मोजायची का? नाही. सहीच्या तारखेपासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. ‘मागाल तेव्हा’ या शब्दांनासुद्धा कायद्याने पहिल्या दिवसापासून घड्याळ बांधून ठेवले आहे.

शेतकऱ्याची बोलीही वरवर सैल वाटते, पण तशी नाही. ‘पोळ्याला देतो’, ‘मृग लागला की पेरतो’, ‘सुगी झाली की फेडतो’. यात तारीख नाही, पण खूण आहे, आणि ती खूण देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांनाही सारखीच दिसते. पोळा सावकारासाठी लवकर आणि कुळासाठी उशिरा येत नाही. ‘लवकरच’ मात्र देणाऱ्याच्या घरी वेगळे असते आणि घेणाऱ्याच्या घरी वेगळे. उसाच्या पट्ट्यात ‘उसाचं बिल आलं की’ हाही असाच वायदा. पण बिल केव्हा यावे, याला आकडा आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस कारखान्याला दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे, आणि उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्के व्याज. पैसे नेहमी चौदा दिवसांत मिळतात, असा याचा अर्थ नाही. पण पंधराव्या दिवशी शेतकरी बोट ठेवून म्हणू शकतो, ‘काल द्यायचे होते.’ ‘लवकरच देऊ’ असे लिहिलेले असते, तर कोणत्या दिवशी बोट ठेवायचे?

कचेरीच्या मराठीत या जातीचे शब्द फार. ‘लवकरच’, ‘योग्य वेळी’, ‘कार्यवाही सुरू आहे’ आणि या सगळ्यांचा शिरोमणी ‘यथावकाश’. यथावकाश कळवण्यात येईल! अवकाश म्हणजे सवड. पण कोणाची सवड? ज्याचे घर पाण्याखाली गेले त्याची नव्हे, पत्र लिहिणाऱ्याची. धरणाकाठच्या माणसांच्या हातातल्या कागदांवर हे शब्द मी किती वेळा वाचले असतील, याची मोजदाद नाही. पर्यायी जमीन, मोबदला, गावठाणातला प्लॉट, यांच्या शेवटी असा एखादा शब्द बसलेला असे. एखाद्याने विचारावे, ‘सायेब, म्हंजी कधी?’ आणि कागद उलटापालटा करूनही त्याचे उत्तर त्यात नसावे. शब्द शुद्ध, व्याकरण निर्दोष, आणि अर्थ शून्य.

पुढच्या काळात मात्र कायद्याने या शब्दांना आकडे लावायला सुरुवात केली, ही समाधानाची गोष्ट. २००५ सालचा माहितीचा अधिकार कायदा ‘लवकर माहिती द्या’ म्हणत नाही; तीस दिवसांत द्या म्हणतो, आणि कोणाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांत. उशीर केला तर दिवसाला अडीचशे रुपये दंड, पंचवीस हजारांपर्यंत. त्याच २००५ सालच्या, बदल्यांचे नियमन आणि कामातल्या विलंबाला प्रतिबंध करणाऱ्या महाराष्ट्राच्या कायद्यात तर गंमतच आहे. साधी फाईल एका टेबलावर सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. ‘अर्जंट’ असेल तर शक्यतो चार दिवसांत, आणि ‘इमिजिएट’ असेल तर त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी निकालात निघावी. म्हणजे इंग्रजी शब्दकोशाला शेकडो वर्षांत जे जमले नाही ते या कलमाने केले : ‘इमिजिएट’चा अर्थ उद्या सकाळपर्यंत, आणि ‘अर्जंट’चा चार दिवस. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखल्या-परवान्यांनाही ठरलेले दिवस बांधून दिले आणि कारण नसताना मुदत चुकवणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड ठेवला. हे कायदे सगळीकडे नीट पाळले जातात, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण आकडा हातात असलेला माणूस आणि ‘यथावकाश’ हातात असलेला माणूस, यांच्या उभे राहण्यातच फरक असतो.

ही सगळी तालुक्याची भांडणे झाली, असे वाटेल. पण देशाच्या राज्यघटनेलाही हा प्रश्न सुटलेला नाही. संसदेने मंजूर केलेले विधेयक राष्ट्रपतींना फेरविचारासाठी परत पाठवायचे असेल तर किती दिवसांत? घटनेच्या मसुद्यात यासाठी सहा आठवड्यांची मुदत होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दुरुस्ती मांडली आणि तिथे ‘शक्य तितक्या लवकर’ असे शब्द आले. घटना समितीचे सदस्य हरि विष्णू कामत यांनी या मोघमपणाला हरकत घेतली. बाजू दोन्ही होत्या. सहा आठवडे म्हटले की सहाव्या आठवड्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत थांबायची मुभा मिळते. ‘शक्य तितक्या लवकर’ म्हणजे दोन दिवसांत शक्य असेल तर दोनच दिवसांत. सद्भावनेने वाचणाऱ्याला तो शब्द आकड्याहून कडक आहे. पण सद्भावना नसेल तर? राज्यपालांच्या कलमातही तेच शब्द आहेत, आणि त्यावरून पुढे राज्याराज्यांत वाद झाले. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी तमिळनाडूच्या प्रकरणात राज्यपालांसाठी महिन्यांच्या मुदती आखून दिल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सल्ला दिला, की घटनेत नसलेली मुदत न्यायालय घालू शकत नाही. मात्र कारण न देता दीर्घकाळ काहीच केले नाही तर न्यायालय मर्यादित आदेश देऊ शकते. पंचाहत्तर वर्षे उलटली, आणि ‘लवकर म्हणजे केव्हा’ हा इंदापूरच्या शेतकऱ्याचा प्रश्न दिल्लीतही उभाच आहे.

अमेरिकेत याच प्रश्नाने एक पिढी खाल्ली. गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या वेगवेगळ्या शाळा घटनाबाह्य आहेत, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली दिला. मग १९५५ साली त्याची अंमलबजावणी कशी करायची ते सांगताना शब्द वापरले, ‘विथ ऑल डेलिबरेट स्पीड’. म्हणजे विचारपूर्वक वेगाने. दक्षिणेकडच्या राज्यांनी यातला वेग सोडून दिला आणि विचार तेवढा घेतला. १९५५ साली पहिलीत गेलेले मूल शाळा संपवून बाहेर पडले तरी कित्येक ठिकाणी भिंत तशीच होती. अखेर १९६९ साली मिसिसिपीतल्या शाळांच्या खटल्यात त्याच न्यायालयाला म्हणावे लागले, की आता ‘अॅट वन्स’. एका शब्दप्रयोगाची दुरुस्ती व्हायला चौदा वर्षे लागली.

एक उदाहरण उलट दिशेचेही आहे, आणि ते सांगितल्याशिवाय हा हिशेब पुरा व्हायचा नाही. ९ नोव्हेंबर १९८९. पूर्व बर्लिनमध्ये सरकारी पक्षाचे प्रवक्ते गुंटर शाबोव्स्की पत्रकारांना प्रवासाच्या नव्या नियमांची माहिती देत होते. हे नियम दुसऱ्या दिवशी जाहीर व्हायचे होते, आणि लोकांनी रीतसर अर्ज करून परवाना घ्यायचा होता. एका पत्रकाराने विचारले, हे लागू केव्हापासून? शाबोव्स्कींनी हातातले कागद चाळले आणि आपल्या माहितीप्रमाणे हे ताबडतोब, विनाविलंब लागू आहे, असे उत्तर दिले. ही बातमी रात्री घराघरांत गेली. लोकांनी ‘ताबडतोब’चा अर्थ ‘ताबडतोब’ असाच घेतला आणि हजारोंनी भिंतीच्या नाक्यांवर जाऊन उभे राहिले. पहारेकऱ्यांना कोणताच हुकूम नव्हता. मध्यरात्रीच्या आधी बोर्नहोल्मर स्ट्रासच्या नाक्यावरचे फाटक उघडले, आणि अठ्ठावीस वर्षांची भिंत निकामी झाली. भिंत पडण्यामागे कित्येक वर्षांची कारणे होती, हे खरेच. पण ती त्या रात्री उघडली ती या एका क्रियाविशेषणामुळे. झिजलेले नाणे लोकांनी पुऱ्या किमतीला वटवून घेतले. पण त्यासाठी त्यांना घराबाहेर पडून फाटकाशी उभे राहावे लागले.

म्हणजे कालवाचक शब्द वाईटच, असे मला म्हणायचे नाही. आजाऱ्याच्या उशाशी बसून ‘बरे वाटेल हं लवकरच’ असेच म्हणावे. तिथे तारीख सांगायची नसते. परगावी निघालेल्या लेकीला आपण ‘जाते’ म्हणू देत नाही, ‘येते’ म्हणायला लावतो, आणि त्या ‘येते’ला कोणी मुदत विचारत नाही. मायेच्या भाषेत सैल शब्दच शोभतात. पण जिथे पैसा आहे, जमीन आहे, औषध आहे, कोणाची शाळा आहे, तिथे बोलणाऱ्याने शब्द सैल सोडला की ऐकणाऱ्याच्या खर्चाला सुरुवात होते. सैल शब्दाचे व्याज नेहमी ऐकणारा भरतो, आणि ऐकणारा बहुधा बोलणाऱ्यापेक्षा गरीब असतो. माझ्या सगळ्या नोकरीचे सार काढायला सांगितले तर मी एवढेच सांगेन.

तेव्हा ‘प्रेझेंटली’चे काय करायचे? विद्यार्थ्यांना साधी सूचना अशी : ‘सध्या’ म्हणायचे असेल तर ‘नाऊ’ किंवा ‘अॅट प्रेझेंट’ लिहा, ‘लवकरच’ म्हणायचे असेल तर ‘सून’ लिहा. म्हणजे लंडनचा वाचकही फसणार नाही आणि पुण्याचाही. कोणी तुम्हाला लिहिले असेल तर आधी क्रियापद बघा, मग लिहिणारा कुठला आहे ते बघा, आणि तरी शंका उरली तर उलट टपाली विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. न विचारण्यात व्याज आहे. आणि आपण स्वतः कोणाला ‘लवकरच’ असे लिहायला बसलो, की क्षणभर पेन थांबवून कॅलेंडरकडे बघावे. बहुतेक वेळा तिथे एखादी तारीख सापडते. नाहीच सापडली, तर निदान पोळा, दिवाळी, पाडवा असे काहीतरी लिहावे. समोरच्याला बोट ठेवायला जागा मिळते.

या बाबतीत सगळ्यांत प्रामाणिक माणूस मला वाटतो तो आपल्या बाजारपेठेतला किराणा दुकानदार. गल्ल्यामागे, लक्ष्मीच्या तसबिरीखाली त्याने पाटी लावलेली असते : ‘आज रोख, उद्या उधार’. पाटी रोज तीच असते, म्हणून ‘उद्या’ कधी येत नाही. त्याला ते ठाऊक असते, गिऱ्हाइकाला ते ठाऊक असते, आणि पाटी वाचून दोघेही हसतात. ‘उद्या’चा खरा अर्थ गिऱ्हाइकाला पिशवी पुढे करायच्या आधी कळलेला असतो. बाकीच्यांच्या पत्रांतून तो कळायला पाच-पाच महिने लागतात.